गीत : पारंपरिक

लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना लोकांची नेहमी पंचाईत व्हायची. "हे भास्करराव मुळे. रेडिओत असतात." समोरचा खूश होऊन विचारी, "निवेदक का?" नाही. "मग गाता?" तेही नाही. मग मीच सांगून टाकी की कुठलंही गाणं वाजवण्याआधी ते ज्याचं असेल त्याला 'वाजवू का' असं विचारणं, आणि वाजवल्यावर ते कितीदा वाजवलं हे लिहून ठेवणं, एवढंच माझं काम. यावर बहुतेक जण जिलबीच्या दिशेनं निघून जात. मी रागावत नसे. माझ्या सख्ख्या भावालाही निवृत्तीच्या दिवसापर्यंत माझी नोकरी कळली नव्हती.

आमचं ऑफिस भोपाळच्या बिट्टन मार्केटमध्ये, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. आठवडी हाटाच्या दिवशी जिन्यात कोथिंबिरीचा वास आणि भाजीवाल्यांचा ओरडा. रेडिओ म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर मनोरा येतो, पण आमचा रेडिओ इंटरनेटवरून जायचा. मनोरा नाही, अँटेना नाही. एक बंद खोली, चार कॉम्प्युटर, दोन निवेदक, आणि या सगळ्याचे मालक सक्सेना साहेब. हिंदी भजनांचं एक चॅनल, जुन्या गाण्यांचं एक, बुंदेलीचं एक, आणि शेवटी सुरू केलेलं मराठीचं एक. जगात कुठेही मोबाईलवर ऐकू येई. ऐकणारे किती होते ते विचारू नका. साहेबही विचारत नसत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाणं म्हणजे एक वस्तू, तिचा मालक एक. तसं नसतं. ज्यानं ध्वनिमुद्रण केलं त्या कंपनीचा हक्क वेगळा. ज्यानं शब्द लिहिले आणि ज्यानं चाल बांधली त्यांचा वेगळा. कंपनीनं हो म्हटलं म्हणून कवीनं हो म्हटलं असं होत नाही. हवेतून जाणाऱ्या रेडिओला कायद्यानं एक सोय दिली आहे: आधी कळवा, ठरलेला दर भरा आणि वाजवा, मालकाच्या होकारासाठी अडून बसायला नको. आम्हीही रेडिओच, असं आम्ही धरून चाललो होतो. पण इंटरनेटवाल्यांना ती सोय नाही असं कोर्टानं म्हटलं, आणि तेव्हापासून मी दारोदार हिंडायला लागलो. मोठ्या कंपन्या पत्राला उत्तर देत नसत आणि छोट्या कंपन्या पत्त्यावर सापडत नसत.

या सगळ्यात एकच शब्द असा होता की तो दिसला की माझा जीव भांड्यात पडे. तो म्हणजे 'पारंपरिक'. आमच्या नोंदवहीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात, प्रत्येक गाण्याला एक ओळ असे. गाण्याचं नाव, गायक, गीत, संगीत, कंपनी. 'गीत' या रकान्यात कुणाचं नाव आलं की त्या माणसाला शोधा, तो नसेल तर त्याच्या मुलांना शोधा, मुलांचं आपसांत पटत नसेल तर वाट बघा. आणि 'पारंपरिक' आलं की मिटलं. जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांचा मालक कोण? कुणी नाही. कुणाला विचारायला नको. मी तो शब्द इतक्या वेळा टाइप केला होता की पहिली दोन अक्षरं दाबली की कॉम्प्युटर उरलेला स्वतःच भरायचा.

अर्थात मालक नसलेल्या गोष्टीवरही हक्क सांगणारे असतातच. उज्जैनचे एक गृहस्थ दर दोन-तीन महिन्यांनी येत. सगळा उत्तर हिंदुस्थान जी आरती म्हणतो ती आपल्या आजोबांनी लिहिली असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून आजोबांचा फोटो आणत. मी चहा देई, फोटोला नमस्कार करी आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवून येई. दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांना स्वप्नात भजनं येत. ती आधीच कुणीतरी छापलेली असत. अशा माणसांनी माझी करमणूक केली, पण एक नुकसानही केलं. 'हे माझं आहे' असं कुणी म्हटलं की आधी मला हसू यायचं.

मराठी चॅनल सुरू करायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे मराठी गाणी नव्हती. मोठ्या कंपन्यांची घेण्याची साहेबांची ऐपत नव्हती. तेव्हा इंदूरच्या एका जुन्या कॅसेटवाल्यानं धंदा गुंडाळताना आपली मराठी कॅसेटची पेटी आम्हाला दिली, आणि वाजवायची लेखी परवानगीही. हरताळका, भोंडला, कीर्तनं, माळव्यातल्या मराठी मंडळांची गाणी. मी ग्वाल्हेरचा, घरात मराठी, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. दीड आठवड्यात सगळी पेटी तक्त्यात चढवायची होती. या कामाची एक पद्धत होती, आणि ती मीच पाडली होती: कॅसेटमधला कागद बघायचा आणि त्यावर जे छापलं असेल ते उतरवायचं. गाणं ऐकायचं नाही. ऐकत बसलं तर महिना लागतो.

त्या पेटीत भोपाळच्याच एका भगिनी मंडळाची कॅसेट होती. मंगळागौरीची आणि ओव्यांची आठ गाणी. कागदावर खाली एकच ओळ छापलेली: गीत व संगीत, पारंपरिक. मी आठही गाण्यांना 'पारंपरिक' भरलं आणि पुढची कॅसेट घेतली.

त्यातलं सहावं गाणं चाललं. का चाललं ते सांगता येत नाही. ओवीची साधी चाल, नऊ बायकांचा आवाज, मागे एक पेटी आणि झांजा. निवेदिकेनं ते सकाळी सव्वासहाला लावलं, दोन पत्रं आली, मग ते रोज सव्वासहालाच लागायला लागलं. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती, त्यामुळे रोज लावायला कुणाची ना नव्हती. असं वर्षभर चाललं. गाण्याआधी निवेदिका रोज म्हणे, "गीत पारंपरिक."

मग एक दिवस ऑफिसात फोन आला. वयस्कर बाईंचा आवाज, स्पष्ट, शाळेतल्या बाईंसारखा.

"तुमच्याकडे सकाळी ते ओवीचं गाणं लागतं, ते माझं आहे."

मला नेहमीप्रमाणे हसू आलं. मी विचारलं, "म्हणजे आपण गायलंय का?"

"गायलंय नऊ जणींनी. लिहिलंय मी. पैसे वगैरे काही नकोत हो मला. फक्त ती मुलगी रोज पारंपरिक म्हणते, त्याऐवजी माझं नाव घ्यायला सांगा. तेवढंच."

पैसे नकोत म्हटल्यावर माझं हसू थांबलं. पैसे नको असलेला दावेदार मी तोवर पाहिला नव्हता. पत्ता विचारला. शिवाजी नगर, सरकारी क्वार्टर. दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर काढून गेलो.

बाईंचं नाव इंदुमती ठोसर. वय ऐंशीच्या घरातलं. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. क्वार्टर त्यांच्या मुलीचं, वृंदाचं. ती मंत्रालयात नोकरीला. घरात शिरताच त्यांनी मला विचारलं, "तुम्ही ते गाणं पूर्ण ऐकलंय का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो.

"मग त्यात बदलीची ऑर्डर येते, ते ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "सामानाचा ट्रक येतो. नव्या गावात नळाला पाणी कधी येतं ते शेजारणीला विचारणं येतं. कुठली हो परंपरा ही? जात्यावर बसलेल्या बाईला बदलीची ऑर्डर कशी ठाऊक असणार?"

 वर्षभर रोज वाजणारं गाणं, माझ्या हातानं भरलेली नोंद, आणि कुठल्याही शहाण्या माणसाला पहिल्या कडव्यात कळलं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मी मोबाईल काढून तिथंच ते गाणं लावलं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. खरंच बदलीचं गाणं होतं. यजमानांच्या बदलीमागे दर तीन वर्षांनी घर बांधून गाडीत घालणाऱ्या बाईचं. बदलीच्या नोकरीत माझेही वडील होते. आई कधी काही बोलली नव्हती. मला फार वाईट वाटलं आणि लाजही वाटली.

मंडळातल्या सगळ्या तशाच बायका होत्या, त्यांनी सांगितलं. कुणाचे यजमान टपाल खात्यात, कुणाचे कारखान्यात. सगळ्या महाराष्ट्रातून इथे येऊन पडलेल्या. कॅसेट करायची ठरली तेव्हा सात पारंपरिक गाणी झाली, एक कमी पडलं, म्हणून यांनी आपलं घातलं. कॅसेटवाल्यानं कागद छापताना सगळ्यांना मिळून एकच ओळ छापली. "तेव्हा मला काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "उलट मैत्रिणी चिडवायच्या, की इंदूताई जिवंतपणी परंपरा झाली."

"मग आता का वाटतं?" मी विचारलं.

त्यांनी मोबाईल दाखवला. नऊ जणींपैकी तीन उरल्या होत्या. एक या, एक रायपूरला सुमनताई, अंथरुणाला खिळलेल्या, आणि एक पुण्याच्या वृद्धाश्रमात प्रमिलाताई. पहिला आवाज लावलाय तो प्रमिलाताईंचा. त्यांनीच एका सकाळी मोबाईलवर आपलाच तरणा आवाज ऐकला आणि या दोघींना कळवलं. तेव्हापासून तिघी तीन गावांत सव्वासहाला ते गाणं ऐकत आणि संपलं की एकमेकींना एकच शब्द पाठवत, 'ऐकलं'. मेसेजची रांगच्या रांग होती, दुसरा शब्द नाही. एखादीचा उशिरा आला तर दुसरी फोन करी.

"ही आमची हजेरी," त्या म्हणाल्या. "आणि रोज हजेरीच्या वेळी ती मुलगी म्हणते पारंपरिक. सुमन म्हणाली, इंदू, आता उरलो तीन जणी. ते तू लिहिलंस हे ठाऊक असणाऱ्या फक्त तिघी. आपण गेलो की खरंच पारंपरिक होईल ते."

मी दाव्याचा अर्ज काढला. तो भरायला अर्धा तास लागला. पुरावा काय, या रकान्याशी अडलो. मूळ कागद? एका बदलीच्या वेळी ट्रकमध्ये काय काय चढवलं त्याची यादी केली होती, तिच्या पाठीवर गाणं लिहिलं होतं. ती यादी पुढच्या कुठल्याशा बदलीत गेली. साक्षीदार म्हणून दोन्ही मैत्रिणींची नावं लिहिली. वृंदा ऑफिसातून आली होती, ती दाराशी उभी राहून बघत होती.

"काका, हो जायेगा ना?" तिनं विचारलं. "आईनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय."

मी म्हटलं, होऊन जाईल.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. मला एक नियम ठाऊक होता आणि मी तो त्या मायलेकींना सांगितला नाही. गाण्यावर दावा नोंदला गेला की त्याचा निकाल लागेपर्यंत ते वाजवायचं नाही. नियम चांगला आहे. कुणाचं गाणं कुणी चोरून वाजवू नये म्हणूनच तो आहे, आणि आमच्या ऑफिसात त्याचं पत्रक मीच काढलं होतं. मी का सांगितलं नाही? दोन आठवड्यांत निकाल लागेल असं वाटलं म्हणून. आणि त्यांनी मला साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली होती, मुलीसमोर माझ्याकडे आशेनं बघत होत्या, आणि आयुष्यभर तक्ते भरणाऱ्या माणसाला कधी नव्हे ते कुणाचं तरी भलं करायला मिळत होतं, म्हणून. त्या सुखात मी गप्प बसलो.

साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "मुळेजी, क्लेम है तो गाना उतारिए. आप ही का नियम है."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला दुसरं गाणं लागलं. साडेसहाला माझा फोन वाजला. इंदुमतीबाई होत्या. फक्त विचारलं, "किती दिवस?"

चार महिने गेले. कॅसेटवाल्याकडून लिहून आणायचं की गाणं यांचं, म्हणून मी इंदूरला गेलो. तो वारला होता. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. मुलगा म्हणाला, "अंकल, पापा का सब कबाड़ी ले गया." मैत्रिणींची पत्रं आली. प्रमिलाताईंचं अक्षर वळणदार, वृद्धाश्रमाच्या पत्त्यासकट. सुमनताईंचं सुनेनं लिहिलेलं, खाली त्यांची सही, तीही कशीबशी केलेली. मी दोन्ही पत्रं साहेबांसमोर ठेवली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी ती नीट वाचली, चष्मा काढून ठेवला.

"मुळेजी, ये तो सहेलियाँ हैं. सहेली की गवाही पर मैं नाम चढ़ा दूँ, कल को कोई और दस सहेलियाँ ले आये तो?"

तो उज्जैनचा माणूस असाच दहा जणांच्या सह्या घेऊन आला होता आणि हेच वाक्य मीच साहेबांना शिकवलं होतं.

तुम्ही म्हणाल, गाणं पेनड्राइव्हवर घालून द्यायचं होतं. दिलं. तेही नियमात बसत नव्हतं, तरी दिलं. इंदुमतीबाईंनी ते ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मी लावलं की मला ऐकू येईल. पण तेव्हा त्या दोघींना येत नसेल ना." मी वेळ ठरवून तिघींनी लावायचं सुचवलं. त्यांनी दोन दिवस करून पाहिलं. सुमनताईंच्या सुनेला सकाळी डबे असत, ती विसरे; मग कुणी लावलं, कुणी नाही याचीच फोनाफोनी. रेडिओवर कुणाला आठवण करावी लागत नव्हती. ते आपोआप लागत होतं, आणि एकाच क्षणी तिन्ही गावांत.

हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावून घेतलं. सुमनताईंना डॉक्टरांनी घरी सोडलं होतं. घरी सोडलं म्हणजे काय ते तुम्हालाही कळतं.

"मुळे, ते गाणं पुन्हा लागायला काय करावं लागेल?" साहेब, काका काही नाही, नुसतं मुळे.

"दावा मागे घ्यावा लागेल."

"घेते."

"नुसता घेऊन चालणार नाही, काकू. एकदा आपलं म्हटलंत. आता ते माझं नाही असं लिहून द्यावं लागेल. तसं नसेल तर ते वादातलंच राहतं."

वृंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई, पागल हो क्या? अजिबात नाही लिहायचं."

"तू आत जा," त्या म्हणाल्या. वृंदा गेली नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "मग परत ती मुलगी पारंपरिक म्हणणार."

"हो."

"पारंपरिक म्हणजे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. म्हणजे, सगळ्यांचंच."

"कुणाचंच नाही म्हणजे कुणाचंच नाही, मुळे. सगळ्यांचं म्हणून गोड करू नका."

पत्र मी तिथंच बसून लिहिलं. मजकूर मला पाठ होता. 'उपरोक्त गीत मी लिहिलेले नसून ते परंपरेने चालत आलेले आहे. माझा दावा गैरसमजातून केला गेला होता. या गीतावर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही व पुढेही राहणार नाही.' वारसांचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पक्कं काम करायच्या सवयीनं मी ते घातलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. 'गैरसमजातून' या शब्दावर बोट ठेवलं आणि सही केली. मी इतक्या वर्षांत शेकडो सह्या घेतल्या, पण त्या सहीकडे मला बघवलं नाही. मी कागदाची घडी घालून उठलो आणि चहा न घेता निघालो.

तिसऱ्या दिवशी सव्वासहाला गाणं लागलं. सुमनताईंनी ते सतरा दिवस ऐकलं. त्यांच्या वतीनं सून 'ऐकलं' पाठवी. अठराव्या दिवशी तिनं फोन केला. त्यानंतर हजेरी दोघींची. इंदुमतीबाई पुढच्या पावसाळ्यात गेल्या, झोपेतच. सकाळी साडेसहापर्यंत मेसेज आला नाही म्हणून प्रमिलाताईंनी पुण्याहून फोन केला. वृंदा तेव्हा आईच्या खोलीत गेली.

दिवस झाल्यावर वृंदा ऑफिसात आली. मला निवृत्त व्हायला तेव्हा दोन महिने राहिले होते. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आईची जुनी ट्रंक आवरताना तळाला अंथरलेला सापडला होता. बदलीच्या सामानाची यादी. खाटा दोन, शिलाई मशीन एक, पितळी डबे सात. वर बदलीच्या ऑर्डरचा नंबर आणि तारीख, कॅसेटच्या कितीतरी आधीची. पाठीवर गाणं, सगळी कडवी, दोन ठिकाणी खोडून बदललेले शब्द. खोडलेले शब्द बघितल्यावर दुसऱ्या पुराव्याची गरजच नसते. परंपरा आपले शब्द खोडत बसत नाही.

मी तो कागद घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. कपाटातून फाइल काढली, त्यातलं पत्र काढलं आणि कागदाशेजारी ठेवलं.

"मैं मानता हूँ, उन्हीं का है," ते म्हणाले. "लेकिन वो खुद लिख गयी हैं कि नहीं है. वारिसों का भी लिखा है. अब बेटी क्लेम करेगी तो केस बनेगा, और केस चलेगा तब तक..." पुढचा नियम माझाच होता. मला सांगायची गरज नव्हती.

बाहेर येऊन मी वृंदाला सगळं सांगितलं. या वेळी नियम आधी सांगितला, संपूर्ण. तिनं विचारलं, "वो वारिसवाला वाक्य, ते आईनं घालायला सांगितलं होतं?"

"नाही. मी घातलं."

 मला वाटलं, आता ती मला चार शब्द सुनावेल, आणि सुनवावेतच असं मला वाटत होतं. पण तिनं पिशवीतून आईचा मोबाईल काढला. तो तिनं बंद केला नव्हता, रोज चार्ज करत होती. त्यावर त्या सकाळचा मेसेज होता, पुण्याहून. 'ऐकलं.' आदल्या दिवशीचाही होता. इंदू गेली हे प्रमिलाताईंना माहीत होतं, तरी त्या रोज पाठवत होत्या.

"त्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत," वृंदा म्हणाली. "त्यांचं दुसरं काहीच नाहीये, काका. क्लेम टाकला तर उद्यापासून हे बंद ना?"

"हो."

तिनं यादीची घडी घातली. "मग त्यांचा मेसेज यायचा थांबला, की तब देखेंगे."

याला आता सव्वा वर्ष होईल. मी आता भोपाळच्या कडेला मिसरोदला राहतो, सकाळी लवकर उठतो, सव्वासहाला रेडिओ लावतो. निवेदिका नवी आहे, पण तक्ता तोच आहे, त्यामुळे म्हणते तेच. गाणं संपल्यावर पाच-दहा मिनिटांत वृंदा मला कळवते, "आज आलं." मग मी चहा टाकतो. प्रमिलाताईंना मी कधी पाहिलं नाही, तरी त्या शंभर वर्षं जगाव्यात असं मला मनापासून वाटतं. आणि त्या आहेत तोवर एका बाईचं नाव तिच्या गाण्यापुढे लागणार नाही, हेही मला ठाऊक आहे. एकाच मेसेजनं रोज सकाळी बरं वाटतं आणि रोज सकाळी मन खातं.

या लेखाचं कबूल केलं तेव्हा वाटलं होतं, निदान इथे तरी ते नाव छापून येईल. लिहून झाल्यावर वृंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दिवाळी अंक छापील असतो, उद्या कुणी साहेबांसमोर नेऊन ठेवला तर वाद पुन्हा उभा राहील आणि गाणं उतरेल. तिचं बरोबर होतं. म्हणून गाण्याची एकही ओळ मी दिलेली नाही, आणि या सगळ्यांची नावं बदलली आहेत. इंदुमती ठोसर हे त्या बाईंचं नाव नाही.